चार सायकली आणि मागची शिडी

आदरणीय काका,

आम्ही कोल्हापूरचे, रंकाळ्याजवळ राहतो. बऱ्याच वर्षांची इच्छा होती, ती यंदा पुरी झाली आणि ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेलं एक जुनं मोटारहोम घेतलं. आत दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी असं सगळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कुणकेश्वर, मग मालवण आणि येताना आंबोली, आजरा असा आठ दिवसांचा बेत आहे. चौघांच्या चार सायकली बरोबर न्यायच्या आहेत. माझी १५ किलोची, मुलीची १२ किलोची, नऊ वर्षांच्या धाकट्याची १० किलोची आणि यांची ई-सायकल २३ किलोची. यांच्या गुडघ्याचं दुखणं आहे, त्यामुळं ई-सायकल घरी ठेवून जाता येत नाही.

प्रश्न आहे तो बांधायच्या कुठं हा. गाडीच्या मागं टपावर चढायची शिडी आहे. हे म्हणतात, तिलाच नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधू. दीर म्हणतात, टपावर आडव्या टाका. उद्यमनगरातले एक मेस्त्री मागच्या दारावर पाइपचा सांगाडा वेल्ड करून द्यायला तयार आहेत, दोन तासांचं काम म्हणाले. मला तिन्ही गोष्टींची धास्ती वाटते, पण कशामुळं ते नेमकं सांगता येत नाही. मग घरात बोलणं 'तू उगाच घाबरतेस' यावर येऊन थांबतं. मापं लागतील म्हणून देते: पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३.३५ मीटर, मागच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंत १.७५ मीटर.

एक वाचक, कोल्हापूर

ताई,

तुमची धास्ती रास्त आहे. ती घरात चार शब्दांत मांडता यावी म्हणून आज जरा लांबण लावतो. हे उत्तर सरळ तुमच्या यजमानांपुढं आणि दिरांपुढं ठेवा. निकाल आधीच सांगून टाकतो. शिडीला नको, टपावर नको, आणि मागच्या दारावर तर मुळीच नको. सायकली मागंच न्यायच्या, पण चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टनं धरलेल्या, काढता-घालता येणाऱ्या स्टँडवर. आणि मागं तीनच. चौथी आत.

आता का ते ऐका.

गळिताच्या हंगामात तुम्ही रात्री कधी कुडित्र्याकडं किंवा कागलकडं गाडी चालवली असेल. पुढं उसाची ट्रॉली असते. ऊस मागं हातभर बाहेर आलेला, दिवे त्याच्या आड गेलेले, आणि आपल्या हेडलाइटच्या उजेडात एकदम उसाची टोकं दिसतात. काळजाचा ठोका चुकतो. आपल्याकडच्या प्रत्येक घरात त्या ट्रॉलीबद्दल कळकळीनं बोललं जातं, कारण प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी तिला मागून धडकून गेलेलं असतं. सायकली मागं टांगल्या की तुमची गाडी दुसऱ्या कुणासाठी तीच ट्रॉली होते. म्हणून दोरी कुठली आणि गाठ कुठली हा प्रश्न नंतरचा. आधी विचार मागून येणाऱ्या माणसाचा करायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी भावाच्या गाडीच्या शिडीला मी स्वतःच्या हातानं दोन सायकली बांधल्या होत्या. नायलॉनची नवी दोरी होती आणि मलकापूर सोडेपर्यंत ती तारेसारखी ताठ होती. आंबा घाटाच्या अलीकडं पाऊस लागला. नायलॉन भिजलं की लांबतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाठी जशाच्या तशा होत्या, पण दोरीच सैल पडली होती. एक सायकल इंच-इंच खाली सरकली आणि तिचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं. टायर भाजून फुटला, आणि घाटातल्या एका वळणावर ती सायकल शिडीचे वरचे दोन स्क्रू उपटून रस्त्यावर पडली. मागून मोटारसायकलवर एक जोडपं येत होतं. त्या माणसानं ब्रेक दाबला, गाडी घसरली. दोघांचं खरचटण्यावर निभावलं. त्यांच्या मधे बसलेलं चारेक वर्षांचं पोर ओरखडाही न येता उठून उभं राहिलं. ते रडलं नाही, नुसतं आमच्याकडं बघत राहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही, म्हणून शिडीचं नाव निघालं की माझा आवाज चढतो. यजमानांना सांगा, राग त्यांच्यावर नाही.

शिडी कमकुवत असते असं नाही, ती वेगळ्या कामासाठी केलेली असते. आपण चढतो तेव्हा गाडी उभी असते, वजन पायरीवरून बऱ्यापैकी सरळ खाली जातं आणि अर्ध्या मिनिटात काम होतं. सायकली टांगल्या की ओझं भिंतीपासून फूटभर बाहेर येतं आणि वरचे स्क्रू उपटण्याच्या दिशेनं ओढ लागते, तीही आठ दिवस सतत. शिवाय मागचं टोक. एसटीच्या लाल डब्यात शेवटच्या बाकड्यावर बसून गतिरोधक ओलांडलाय ना? पुढच्या लोकांना नुसता हिसका बसतो आणि मागचा माणूस टपाला डोकं आपटून खाली येतो. तुमच्या सायकली त्या शेवटच्या बाकड्याच्याही मागं बसणार आहेत. खड्ड्यात त्यांचं वजन क्षणभर कित्येक पट होऊन त्या चार स्क्रूंवर येतं. मोटारहोमची भिंत बहुतेक वेळा फायबर आणि प्लायवुडची असते. स्क्रूचं भोक एकदा मोठं झालं की तिथून पाणी मुरतं आणि आतलं लाकूड कुजतं. गगनबावड्याच्या पावसात तर ते एका मोसमातच कुजेल.

दिरांच्या टपाबद्दल थोडक्यात. आडवी टाकली तरी पेडल आणि हँडल हातभर वर येणार. २३ किलोची ई-सायकल शिडीवरून तीन मीटर वर चढवायला दोन माणसं लागतील, आणि त्यातलं एक दुखऱ्या गुडघ्याचं. उंचावर वजन गेलं की वळणात गाडी जास्त कलते. परीख पुलाखालून जाताना एकदा थांबून वर बघा, मग कोकणातल्या वाडीतल्या आंब्या-फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा डोळ्यांसमोर आणा. टपाचा विषय तिथंच संपतो.

मेस्त्रींच्या सूचनेवर मात्र जरा थांबू या, कारण माणूस कामाचा आहे, फक्त जागा चुकलीय. दाराच्या बिजागऱ्या दाराचं स्वतःचं वजन पेलायला असतात. त्यांच्यावर आणखी ६० किलो टांगले की दार उतरतं, कडी बसत नाही, आणि एका खराब रस्त्यावर ते उघडतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमच्या गाडीत गॅस आहे. ओटा बाजूच्या दाराशी असेल (बहुतेक गाड्यांत तो तिथंच असतो) आणि रात्री तिथं पेट घेतला, तर मुलांना बाहेर काढायला मागचं दार हीच एक वाट उरते. वेल्ड केलेला सांगाडा कायमचा तिथं बसला, तर ती वाट गेली.

म्हणून मेस्त्रींना नको म्हणू नका, काम बदलून द्या. उद्यमनगरातल्या कारागिराला काय हवं ते नीट समजलं की तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो. त्यांना हे सांगा. स्टँड चासीच्या दोन्ही लांब दांड्यांना धरायचा. चासीवर वेल्डिंग करायचं नाही, उष्णतेनं तिथला पोलाद कमजोर होतो. दांडीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवं भोक पाडायचं नाही, सगळा ताण तिथंच असतो. उभ्या बाजूला कंपनीनं आधीच दिलेली भोकं असतात, बंपरच्या किंवा टोइंग हुकाच्या ब्रॅकेटची, ती वापरायची. बोल्ट डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा ठसा असलेले, नट नायलॉकचे (हादऱ्यानं सैल न होणारे), वॉशर जाड आणि रुंद. कोपऱ्यांत त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराचे पत्रे. पाइपची तोंडं बंद करायची, नाहीतर आत पाणी साचून आतून गंज येतो. वरचा भाग पिन काढली की खाली पडेल असा बिजागरीचा, म्हणजे मुक्कामाला सायकली उतरवल्या की स्टँड खाली पाडून दार पूर्ण उघडता यावं. पिनला आर-क्लिप हवी, नुसती खुंटी हादऱ्यानं वर सरकते. हे दोन तासांत होणार नाही. दोन दिवस लागू द्या.

आणि स्टँडची पट्टी बंपरच्या उंचीला नको, जमिनीपासून साधारण मीटरभर वर हवी. त्यानं तीन गोष्टी साधतात. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात नाही, सायलेन्सरची गरम हवा टायरवर येत नाही, आणि कोकणातल्या उताराच्या बोळात किंवा फरशी पुलाच्या खळग्यात स्टँड जमिनीला घासत नाही. मागची काच थोडी झाकली जाईल, ती जाऊ द्या. आरशात बघायची सवय लावता येते, दिव्याला पर्याय नाही. मेस्त्री म्हणतील, खाली घेतला तर चढवायला सोपं. त्यांचं बरोबर आहे, तरीही वरच घ्या.

परदेशातल्या मोटारहोमला मागच्या भिंतीवर लावायचे तयार ॲल्युमिनियमचे स्टँड मिळतात. त्यांत बहुतेकांची मर्यादा ५० ते ६० किलो असते, आणि ते लावायला भिंतीच्या आत त्या जागी मजबुतीच्या पट्ट्या असाव्या लागतात. तुमची गाडी जुनी, कुणी बांधली माहीत नाही, भिंतीत काय आहे ते दिसत नाही. म्हणून मी चासीचा आग्रह धरतोय.

आता चारऐवजी तीन का, ते तुमच्याच मापांवरून बघू. चारही सायकली मिळून ६० किलो. लोखंडी स्टँड १८ किलो धरू. एकूण ७८. हे ओझं भिंतीपासून पाव मीटर बाहेर, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यापासून २ मीटरवर बसणार. मागचं चाक हा तराजूचा काटा समजा. ७८ ला २ नं गुणा, ३.३५ नं भागा, उत्तर येतं साडेसेहेचाळीस. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, आणि मागच्या चाकांवर ७८ नाही तर जवळपास १२५ किलो वाढतात. पुढचं चाक हलकं झालं की स्टिअरिंग सैल लागतं आणि पुढचे ब्रेक पकड सोडतात. घाट उतरताना नेमकी त्याच दोन गोष्टींची गरज असते.

धाकट्याची १० किलोची सायकल आत घ्या. पुढचं चाक काढलं की ती पलंगाखाली जाईल. तिलाही बेल्टनं पक्की बांधा, कारण जोरात ब्रेक लागला की आतली सैल सायकल माणसांवर येते. ई-सायकलची बॅटरी काढून आत ठेवा, तीन-साडेतीन किलो तिथं कमी होतात. मागं राहिल्या साडेसेहेचाळीस किलोच्या तीन सायकली, स्टँड धरून साडेचौसष्ट. मघासचाच हिशेब केला तर पुढून साडेअडतीस किलो उचलले जातात, मागं १०३ वाढतात. फरक डोळ्यांत भरण्याइतका नाही, पण अंगावर येणारा खड्डा तो मोजतो. उरलेली भरपाई सामानानं करा. जड डबे, धान्य, हत्यारांची पेटी दोन्ही चाकांच्या मधे, जमिनीलगत. पाण्याची टाकी मागं असेल तर घाटात ती काठोकाठ नको. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पाणी मालवणातही मिळतं.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. आपल्या जिल्ह्यात वजनकाट्यांना काय तोटा! निघायच्या दोन दिवस आधी गाडी पूर्ण भरून, चौघं आत बसून, सायकली लावून काट्यावर न्या. आधी सगळी गाडी तोला. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. पहिल्यातून दुसरं वजा केलं की मागच्या चाकांवरचं वजन मिळतं. आरसी बुकातलं एकूण वजन आणि कंपनीच्या पाटीवर दिलेली चाकांवरच्या वजनाची मर्यादा यांच्याशी ते ताडून बघा. मागच्या टायरमधली हवा त्या वजनाला कंपनीनं सांगितली असेल तेवढी भरा. हे शेदोनशे रुपयांचं काम आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. तुम्ही कराच.

कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. कायमच्या वेल्डिंगला माझा विरोध आहे त्याचं हेही एक कारण. बोल्टनं लागणारा, निघणारा स्टँड बराच बरा, तरी काम सुरू करण्याआधी मेस्त्रींचं रेखाटन घेऊन आरटीओत आणि विमा कंपनीकडं विचारा, उत्तर लेखी मागा. अपघातानंतर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो. माल ठरलेल्या मर्यादेबाहेर बाजूला, पुढं-मागं किंवा उंचीत गेला तर कलम १९४ (१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे. मोठ्या माणसाची सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते, गाडीची रुंदी टेप लावून मोजा. एकही चाक, एकही हँडल भिंतीच्या रेषेबाहेर दिसता कामा नये. नियमाप्रमाणं मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा आणि रात्री नंबर १५ मीटरवरून वाचता यायला हवा. काहीजण नंबर झाकला गेला की स्टँडवर रंगानं लिहिलेली दुसरी पाटी टांगतात. हाय सिक्युरिटी पाटीच्या जमान्यात ती चालत नाही. स्टँड मीटरभर वर घ्यायचं म्हटलं ते यासाठीही.

तरीसुद्धा सायकलींच्या मागच्या कडेला स्वतःचा उजेड हवा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एक आडवी पट्टी करून घ्या, तिच्यावर टेललाइट, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर, गाडीशी जोडायला सात पिनांचा प्लग. सगळ्यात बाहेरच्या सायकलीला तांबडी चमकपट्टी. इटली आणि स्पेनमध्ये मागं सायकली लावल्या तर ५० सेंटिमीटर लांब-रुंद, पांढऱ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांची चमकणारी पाटी लावणं सक्तीचं आहे. आपल्याकडं सक्ती नाही, पण तशी पाटी कुठलाही रेडियम आर्टवाला तासाभरात कापून देतो. लावा. दिवाळीच्या सुमारास उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायला लागतात, त्यांच्या गर्दीत तुमची गाडी वेगळी दिसू दे.

आता बांधायचं. हे निवांत करायचं काम आहे, निघायच्या सकाळी घाईत नाही. आदल्या संध्याकाळी करा.

सायकलींवरून सुटं असेल ते सगळं काढा: बाटली, पंप, दिवे, पिशवी, लॉकची साखळी. पेडल आतल्या सायकलीत घुसत असेल तर तेही काढा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, तिथं जोर लावून पाना मोडू नका. सगळ्यात जड, म्हणजे ई-सायकल, भिंतीला चिकटून. मग तुमची, मग मुलीची. हँडल आलटून-पालटून, एकीचं डावीकडं, दुसरीचं उजवीकडं, म्हणजे त्या एकमेकींत नीट बसतात. जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम कापून घाला. दोनशे किलोमीटरच्या थरथरीत रंग जातो, आणि केबल घासून तुटते तेव्हा कळतही नाही.

प्रत्येक सायकल तीन ठिकाणी धरलेली हवी. दोन्ही चाकं खालच्या पट्टीला, आणि फ्रेम उभ्या पाइपला. चाकं बांधली नाहीत तर वाऱ्यानं फिरत राहतात आणि हँडल डुलतं. मग तिन्हींना मिळून एक लांब रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचा पट्टा), स्टँडच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. बेल्ट पॉलिस्टरचा घ्या, तो भिजून नायलॉनसारखा लांबत नाही. रबरी ट्यूब आणि हुकवाले ताणते फक्त ताडपत्रीसाठी. ते ओझं धरत नाहीत, झुलवतात, आणि हुक सुटला तर डोळा जातो. रॅचेट आवळताना हात राखून. रिम वाकेपर्यंत ओढायचं नाही. मुलीच्या सायकलची फ्रेम कार्बनची असेल तर तिच्या पाइपवर क्लॅम्प आवळूच नका, चीर पडते आणि वरून दिसत नाही. तिला सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर धरा. बेल्टला मधे एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही. उरलेली शेपटी गाठ मारून खोचा, ती चाकात गेली तर सगळं मुसळ केरात.

बांधून झालं की सगळ्यात बाहेरची सायकल दोन्ही हातांनी धरा आणि जोरानं हलवा. सायकल नाही, अख्खी गाडी हलली पाहिजे.

कव्हर घालायचं की नाही, असं तुमच्या मनात येईल. अख्ख्या सायकलींना ताडपत्री गुंडाळली की ती शिडासारखी फुगते, बेल्ट ओढते आणि दिवे झाकते. सीटला प्लास्टिकची पिशवी आणि ई-सायकलच्या बॅटरीच्या जागेतल्या पिनांवर चिकटपट्टी, एवढं पुरे. बॅटरी आत, सावलीत, गॅसपासून दूर. रात्री सगळे झोपल्यावर ती चार्जिंगला लावू नका.

गाडी आता दोन-अडीच फूट लांब झालीय, हे चालवणाऱ्याला सारखं आठवावं लागतं. करूळच्या आखूड वळणात पुढचं टोक आत वळतं तेव्हा मागचं टोक बाहेर फेकलं जातं. उजवीकडं वळताना ते डावीकडं कठड्यावर किंवा डोंगरावर जातं, डावीकडं वळताना समोरून येणाऱ्याच्या वाटेत येतं. वळण रुंद घ्या, हॉर्न द्या, एसटी किंवा ट्रक येत असेल तर वळणाआधीच थांबा. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला, ब्रेकवर पाय ठेवून नाही. सरळ रस्त्यावरही ६० च्या वर जाऊ नका. गतिरोधकावर गाडी जवळजवळ उभी करा, मागच्या बाकड्याची आठवण ठेवून. रिव्हर्स घेताना मुलीला खाली उतरवा आणि ती आरशात दिसेल अशा जागी उभी करा. ती दिसेनाशी झाली की गाडी थांबली पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या. घाट चालू आहे का, याची चौकशी निघायच्या दिवशी सकाळी करा. दरड पडली की तिथली वाहतूक बंद होते.

चालत्या गाडीत मागचं दार सायकलींच्या आड असणार. म्हणून गाडी सुरू करण्याआधी गॅसची टाकी रेग्युलेटरपाशी बंद, आणि काच फोडायची छोटी हातोडी मुलांच्या हाताला लागेल तिथं. मुक्कामाला पोचलात की आधी सायकली उतरवायच्या, स्टँड खाली पाडायचा, मागचं दार एकदा उघडून बघायचं, आणि मगच चहा ठेवायचा. हा क्रम चुकवू नका. रात्री सायकली गाडीच्या चाकाला साखळीनं लॉक करा. त्यासाठी वेगळी साखळी ठेवा, बांधायचा बेल्ट म्हणजे कुलूप नव्हे. मालवणच्या खाऱ्या हवेनं चेन दोन दिवसांत तांबूस पडते. परत निघताना गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुऊन तेलाचे दोन थेंब द्या, ई-सायकलवर पाण्याचा फवारा मारू नका.

निघालात की फुलेवाडी मागं पडल्यावर बालिंग्याचा पूल ओलांडा आणि गाडी बाजूला घ्या. पहिले काही किलोमीटर झाले की बेल्ट थोडा बसतो, एक-दोन खटके आणखी आवळावे लागतात. दुसऱ्यांदा कळ्याला. तिसऱ्यांदा गगनबावड्यात, घाट सुरू व्हायच्या आधी, सायलेन्सरच्या बाजूच्या टायरला हात लावून. हे काम धाकट्याला द्या. त्याला बेल्ट मोजू द्या: चाकांचे सहा, फ्रेमचे तीन, मोठा एक. दहा भरले नाहीत तर त्यानं 'थांबा' म्हणायचं, आणि त्याचं ऐकायचं.